नोकरी सोडून पुन्हा विद्यापीठात जाऊ का?

प्रिय ताई,

मी २९ वर्षांची. रसायनशास्त्राची पदवी मिळाल्या मिळाल्या पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत लागले, त्याला आता सहा वर्षं होतील. काम मला आवडतं. पण गेल्या महिन्यात एका नमुन्याचं हार्डनेस (पाण्याचा जडपणा) काढताना रंग निळा होईचना, जांभळटच राहिला. साहेब म्हणाले, पुन्हा कर. पुन्हा केलं, तरी तेच. शेवटी ‘नमुना अयोग्य’ असा शेरा मारून आम्ही पुढे गेलो. असं का झालं ते त्यांनाही सांगता आलं नाही आणि मलाही नाही. तेव्हापासून डोक्यात घोळतंय की पुढे शिकायला हवं होतं, एमएस्सी करायला हवं होतं. त्यातच मला विभागप्रमुख होण्याबद्दल विचारलंय आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे. हो म्हटलं तर शिकणं संपलंच असं वाटतं, नाही म्हटलं तर हातचं सोडल्यासारखं. पूर्णवेळ शिकायचं तर दोन वर्षं पगार नाही, आणि फीच माझ्या आठ महिन्यांच्या पगाराएवढी आहे. धाकट्या भावाच्या शिक्षणाला मी हातभार लावते, त्याचं अजून एक वर्ष राहिलंय. वर्गात सगळे माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान असतील. गणित तर पार विसरले आहे. काय करू?

– जांभळ्या रंगात अडकलेली

*

प्रिय मैत्रीण,

तुझं पत्र वाचल्यावर सगळ्यात आधी मी तुझ्या त्या नमुन्याच्या मागे लागले. मला रसायनशास्त्रातलं फारसं कळत नाही, म्हणून तो विषय शिकवणाऱ्या एका मैत्रिणीला फोन केला. तिने आधी विचारलं, इंडिकेटर (रंग बदलून मोजणी संपल्याचं दाखवणारं द्रव्य) कोणता? मी म्हटलं, निळा व्हायला हवा होता एवढंच लिहिलंय. “म्हणजे ईबीटी, एरिओक्रोम ब्लॅक टी,” ती म्हणाली, आणि मग थांबलीच नाही. पाण्यात तांबं, लोह, अ‍ॅल्युमिनियम यांसारखे धातू असतील तर ते इंडिकेटरला असे घट्ट धरून बसतात की ब्युरेटमधून, म्हणजे थेंब थेंब सोडायच्या मापाच्या नळीतून, कितीही ईडीटीए (हार्डनेस मोजायला घालतात ते द्रव्य) सोडलं तरी रंग सुटत नाही. दुसरी शक्यता मॅग्नेशियमची. नमुन्यात ते फारच कमी असेल तर रंगाचा बदल नीट दिसत नाही, त्यासाठीच बफरमध्ये (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कता, स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) थोडं मॅग्नेशियम आधीपासून घालून ठेवतात. आणि पीएच १० च्या आसपास आहे ना, हे सगळ्यात आधी बघायचं. नमुना टाकून दिला नसशील तर या तीन गोष्टी तपासून बघ.

मग तिने एक वाक्य उच्चारलं, ते तुला सांगितलंच पाहिजे. ती म्हणाली, “हे पदवीच्या पुस्तकातलं आहे गं. कदाचित तिने शिकलेलंही असेल.”

तुला कमी लेखायला हे लिहीत नाहीये. माझा मुद्दा वेगळा आहे. ज्या ‘का’साठी तू दोन वर्षं आणि एवढा पैसा ओतायला निघाली आहेस, तो ‘का’ दोन संध्याकाळच्या वाचनात सुटण्यासारखा होता. मग तरीही तुला विद्यापीठात जायचंय का? जायचं असेल तर कशासाठी? माझा अंदाज आहे की उत्तर हो असेल आणि त्याला भक्कम कारणही असेल. पण ते कारण अजून तुझ्या पत्रात आलेलं नाही, आणि ते सापडेपर्यंत राजीनामा लिहू नकोस.

विद्यापीठात काय मिळतं याबद्दल अर्थशास्त्रज्ञांमध्ये फार जुना वाद आहे. गॅरी बेकर यांचं म्हणणं, शिक्षण ही माणसात केलेली गुंतवणूक. शिकल्याने माणसाची कुवत वाढते आणि म्हणून पगार वाढतो. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये दुसरी बाजू मांडली. नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची कुवत बाहेरून दिसत नाही, म्हणून तो पदवीकडे खूण म्हणून बघतो. अवघड गोष्ट तडीस नेणारा माणूस आहे, एवढं ती पदवी सांगते, मग शिकलेलं कामात पडो वा न पडो. दोघांनाही पुढे नोबेल मिळालं, बेकरना १९९२ मध्ये आणि स्पेन्सना २००१ मध्ये. मला विचारशील तर दोघंही बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या माणसांच्या बाबतीत. तू यातल्या कोणत्या रांगेत उभी आहेस, हे तुलाच ठरवायचं आहे. तुला कुवत हवी आहे की खूण?

खूण हवी असेल तर तिची नेमकी किंमत तुझ्याच ऑफिसात कळेल. तुमची प्रयोगशाळा आयएसओ १७०२५ या चाचणी-प्रयोगशाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे मान्यताप्राप्त असेल, तर प्रत्येक कामासाठी शिक्षण किती, अनुभव किती, प्रशिक्षण कोणतं, हे त्यांना लेखी ठरवून ठेवावंच लागतं. एमएस्सीच पाहिजे असं ते मानक म्हणत नाही, ते ठरवण्याचं काम प्रयोगशाळेवर सोडलेलं आहे. क्वालिटी मॅनेजरकडे तो कागद असतो. मागून घे आणि वाच. निकालावर सही करायला, नवी पद्धत मंजूर करायला, तांत्रिक प्रमुख व्हायला तिथे काय लिहिलंय? ‘पदवी आणि पाच वर्षं अनुभव’ असं असेल, तर ज्या दाराची तुला भीती वाटतेय ते उघडंच आहे. ‘पदव्युत्तर’ असं स्पष्ट असेल, तर तुझं कारण अर्धं तिथेच सापडलं. सहा-सहा वर्षं एका जागी काम करूनही हा कागद न वाचलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यात तुझी काही चूक नाही, तो कुणी आपणहून दाखवतच नाही.

कुवत हवी असेल, तर ती कुठे कुठे मिळते हे बघावं लागेल. नुसती व्याख्यानं ऐकायची असतील तर ती केव्हाच मोकळी झाली आहेत. एमआयटीने २००१ मध्येच जाहीर केलं की आमच्या अभ्यासक्रमांचं साहित्य कुणालाही फुकट वाचता येईल, आणि त्यानंतर कितीतरी विद्यापीठं त्या वाटेने गेली. म्हणजे वर्गात फळ्यावर लिहिलं जातं त्यासाठी तू आठ महिन्यांचा पगार मोजणार नाहीस. तू मोजशील ते बाहेर न मिळणाऱ्या गोष्टींसाठी: तुझ्या प्रयोगशाळेत नसलेली उपकरणं हाताळायला मिळणं, रिकामा वेळ, आणि तुझं काम बघून “हे चुकलंय, पुन्हा विचार कर” म्हणणारं माणूस. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. तुझे साहेबही “पुन्हा कर” म्हणाले होते. “पुन्हा कर” आणि “पुन्हा विचार कर” यांच्यातलं अंतर कापायला गुरू लागतो. तुझ्यासाठी हे कारण मला खरं वाटतं.

आता माझी चूक सांगते, कारण तिची थोडी छाया मला तुझ्या पत्रात दिसली.

मी २६ वर्षांची असताना एका कार्यालयात सर्वेक्षणांचे तक्ते बनवायचे. तिथल्या वरिष्ठांनी माझा सगळा अहवाल स्वतःच्या नावावर सादर केला. मी भांडले नाही. दुसऱ्या दिवशी ‘मला पुढे शिकायचंय’ असं सांगून नोकरी सोडली. कुठे प्रवेश चालू आहेत ते पाहिलं, व्यवस्थापनाचे चालू होते, घेतला. पहिल्या महिन्यात खूप मोकळं वाटलं. दुसऱ्या महिन्यापासून मी वर्गात बसून वहीच्या मागच्या पानावर त्या वरिष्ठांना पत्रं लिहायला लागले. न पाठवलेली अकरा पत्रं भरली त्या वहीत, आणि पुढच्या बाजूला टिपणांची जेमतेम सहा पानं. चौथ्या महिन्यात अभ्यासक्रम सोडला. दहा महिन्यांची बचत गेली आणि पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला ‘अभ्यासातलं काही जमत नाही आपल्याला’ असं समजत राहिले. ते नुकसान पैशांहून मोठं होतं. मला शिकायचं नव्हतंच, मला त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं. त्यासाठी दुसरी नोकरी पुरली असती.

३३व्या वर्षी मी पुन्हा गेले, संध्याकाळच्या वर्गाला, संख्याशास्त्र शिकायला. त्या वेळी माझ्याजवळ एकच प्रश्न होता, लोकांनी उत्तरच दिलं नाही तर त्या रिकाम्या रकान्याचं काय करायचं? वर्षानुवर्षं आम्ही ते रकाने सरळ गाळत होतो आणि मला ते खटकत होतं. त्या एका प्रश्नाने मला तीन वर्षं वर्गात टिकवलं.

म्हणून तुला सांगते, आज रात्री एका कागदावर प्रश्न लिही. ‘मला पुढे जायचंय’, ‘ज्ञान वाढवायचंय’ असलं काही नको. कामावर तुला अडलेल्या गोष्टी लिही, त्या नमुन्यासारख्या. सहा वर्षांत वीस तरी निघतील. मग त्यातले पुस्तकाने सुटणारे खोड. साहेबांशी, सहकाऱ्यांशी बोलून सुटणारे खोड. उरतील त्यांच्याकडे नीट बघ. आपण देतो त्या आकड्यावर विश्वास किती ठेवायचा, ठरलेली पद्धत एखाद्या पाण्याला लागू पडत नसेल तर नवी कशी बसवायची, असे चार-पाच जरी उरले तर तुझा विषयच ठरला म्हणून समज. कोणत्या विद्यापीठात, कोणत्या प्राध्यापकांकडे जायचं हेसुद्धा त्यावरूनच ठरेल. आणि काहीच उरलं नाही, फक्त ‘साहेबांचा कंटाळा आला’ एवढंच उरलं, तर माझी ती वही आठव.

पैशांचं गणित रुपयांत करू नकोस, महिन्यांत कर, म्हणजे लख्ख दिसतं. पूर्णवेळ शिकलीस तर फीचे ८ महिने आणि बुडालेल्या पगाराचे २४, मिळून ३२ महिने. जेवणाखाण्याचा आणि राहण्याचा खर्च यात धरायचा नाही, तो नोकरीत असतानाही होतोच (हाताशी रोख किती लागेल हा हिशेब वेगळा, त्यात मात्र तो धरावाच लागेल). पदवीनंतर पगार २० टक्क्यांनी वाढला, तर ते ३२ महिने भरून यायला १६० महिने लागतात, म्हणजे तेरा वर्षांहून जास्त. ४० टक्क्यांनी वाढला तर ८० महिने, सात वर्षांच्या आत. बढती घेतलीस तर बुडणारा पगारही मोठा होतो, हे लक्षात ठेव. उलट नोकरी सांभाळून शिकलीस तर फक्त फीचे ८ महिने, आणि २० टक्के वाढीतही ते ४० महिन्यांत वसूल. आता ही वाढ किती असेल हे मनाने ठरवू नकोस. तुमच्याच क्षेत्रात हे करून आलेल्या दोघा-तिघांना थेट विचार. माणसं पगार सांगत नाहीत, पण ‘किती टक्के फरक पडला’ असं विचारलं तर बहुतेक जण सांगतात.

मग नोकरी सांभाळूनच शिकावं, असं तू म्हणशील. त्याचेही तास मोज. युरोपातल्या क्रेडिट पद्धतीत पूर्णवेळ एका वर्षाचे ६० क्रेडिट धरतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम. दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासाचे १२० क्रेडिट, म्हणजे ३००० ते ३६०० तास. तीन वर्षांत पसरलेस तरी सुट्टी न घेता आठवड्याला १९ ते २३ तास होतात. नोकरी करून. तुझ्या विषयात तर प्रात्यक्षिकं आहेत आणि ती बहुतेक ठिकाणी दिवसाच होतात, संध्याकाळी प्रयोगशाळा उघडी ठेवणारी विद्यापीठं थोडी. तेव्हा प्रवेशाच्या माहितीपत्रकात ‘अर्धवेळ’ लिहिलंय यावर जाऊ नकोस. तिथे सध्या नोकरी करत शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठ आणि विचार, प्रात्यक्षिकाच्या दिवशी तू काय करतोस?

वयाची काळजी मी फार करणार नाही. ब्रिटनचं ओपन युनिव्हर्सिटी १९६९ मध्ये स्थापन झालं आणि १९७१ मध्ये शिकवणं सुरू झालं, ते मुख्यतः कामधंदा करणाऱ्या मोठ्या माणसांसाठीच. तेव्हापासून जगभर मुक्त विद्यापीठं उभी राहिली, आणि पांढऱ्या केसांचा विद्यार्थी हे आता कुठेच नवल नाही. माझ्या वर्गात मी सगळ्यात मोठी होते. पहिले दोन आठवडे जड गेले. तिसऱ्या आठवड्यात सर्वेक्षणातल्या खोट्या उत्तरांवर चर्चा निघाली आणि अर्धा वर्ग माझ्याकडे वळून बघायला लागला, कारण ती उत्तरं प्रत्यक्ष हाताळलेली मी एकटीच होते. तू सहा वर्षं ब्युरेट धरलेली आहेस. तुझ्या शेजारी बसणाऱ्याने ती परीक्षेपुरती धरलेली असेल.

गणिताचं मात्र खरं आहे, ते विसरतं. पण विसरलेलं पुन्हा शिकायला पहिल्याइतका वेळ लागत नाही. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ करून, विसरून, पुन्हा पाठ करून हे मोजलं आणि १८८५ मध्ये मांडलं. विसरलो असं वाटतं तेव्हाही दुसऱ्या खेपेला वेळ वाचतो. तुझं कलन (कॅल्क्युलस) गेलेलं नाही, धूळ बसली आहे त्यावर. रोज अर्धा तास, तीन महिने.

आता शुक्रवारचं.

माझं स्पष्ट मत सांगते: बढती घे. आणि येत्या सत्रात एकच विषय घे, नोकरी करत, पण परीक्षेसकट. नुसतं ऐकायला जाऊ नकोस, परीक्षेशिवाय आपली खरी परीक्षा होत नाही. स्वतंत्र विषयाला प्रवेश देणारी विद्यापीठं असतात, दूरशिक्षणातूनही मिळतो. ते क्रेडिट पुढे एमएस्सीत धरले जातील का हे आधी लेखी विचारून घे. त्या चार-पाच महिन्यांत कळेल तुला वेळ काढता येतो का, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुझे प्रश्न टिकतात का. तोवर भावाचं वर्षही संपत येईल. पूर्णवेळ जायचं असेल तर तेव्हा जा, हातात थोडी बचत घेऊन आणि विभागप्रमुखाचा अनुभव घेऊन. बढती घेतली की शिकणं संपलं, ही भीती मला कळते. पण तसं होतं ते बढतीमुळे नाही, ‘पुढच्या वर्षी बघू’मुळे होतं. म्हणून विषयाचा अर्ज बढतीच्या होकाराच्या आधी भर. एक दिवस आधी भरला तरी चालेल.

परदेशात जायचा विचार असेल तर एवढंच: इंग्रजीच्या आयईएलटीएससारख्या परीक्षेचे गुण साधारण दोन वर्षं चालतात, जीआरईचे (परदेशी पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेचे) पाच. आत्ता घाईने देऊन ठेवण्यात अर्थ नाही. शिफारसपत्रांचं मात्र आत्ताच बघ. तुला शिकवलेले प्राध्यापक निवृत्त होतात, बदलून जातात. सहा वर्षांनी त्यांना तुझा चेहरा आठवेल, काम आठवणार नाही. या आठवड्यात त्यांना लिही, काय करतेस ते सांग, जमलं तर त्या जांभळ्या नमुन्याबद्दलच विचार.

राहिले साहेब. त्यांच्यापासून हे लपवू नकोस. लपवलंस तर प्रत्येक परीक्षेच्या वेळी आजारपणाची रजा टाकावी लागेल आणि सहा वर्षांचा विश्वास जाईल. ऑफिसने फी भरायची तयारी दाखवली तर आनंदाने ऐक, पण सही करण्याआधी त्यात किती वर्षं नोकरी सोडता येणार नाही आणि सोडली तर किती परत द्यायचं, हे वाच. माझ्या एका सहकाऱ्याने ते न वाचता सही केली आणि पूर्णवेळ शिकायला जायची वेळ आली तेव्हा अडकून पडला.

काय बोलायचं ते सुचत नसेल तर माझे शब्द घे, तुझ्या पद्धतीने बदल:

“सर, जबाबदारी घ्यायला मला आवडेल. सोबत मी या सत्रात एक विषय शिकणार आहे, अर्ज भरलाय. दोन गोष्टी लेखी मिळाल्या तर बरं होईल. परीक्षेच्या आठवड्यात रजा, आणि पुढे पूर्णवेळ शिकायचं ठरलं तर बिनपगारी अभ्यासरजा देता येईल का, याचं उत्तर. आणि सर, तो गेल्या महिन्यातला नमुना आपण ‘अयोग्य’ म्हणून सोडला होता ना, त्यात तांबं-लोह आहे का ते मला बघायचंय. उद्या तासभर मिळेल का?”

तुझी,
ताई